हरवलेल्या फुलाचा पत्ता

मराठी शिकताना एका शब्दापाशी तुम्ही नक्कीच थबकला असाल. तो शब्द म्हणजे 'पत्ता'. उर्दूत पत्ता म्हणजे झाडाचे पान आणि राहण्याचे ठिकाण म्हणजे 'पता'. मराठीत मात्र ठिकाणालाच पत्ता म्हणतात. आज आपण ज्या रानफुलाची हकिकत वाचणार आहोत, तिच्यात हे दोन्ही पत्ते आहेत. या फुलाच्या रोपाची पाने शास्त्रज्ञांच्या हाती होती. पण ते रोप कोठे राहते, हे कोणालाच ठाऊक नव्हते. ते शोधण्यात जवळजवळ चाळीस वर्षे गेली.

हे फूल आपल्या देशातले नाही. अमेरिकेच्या पूर्व भागात ॲपलेचियन नावाची लांबच लांब डोंगररांग आहे. तिच्या दक्षिण टोकाकडे नॉर्थ कॅरोलायना, साउथ कॅरोलायना आणि जॉर्जिया ही तीन राज्ये एकमेकांना भिडतात. त्या कोपऱ्यातील काही थोड्या दऱ्यांत हे फूल उगवते. तेथील लोक त्याला 'ओकोनी बेल्स' म्हणतात. ओकोनी हे साउथ कॅरोलायनातील एका जिल्ह्याचे नाव आहे आणि बेल म्हणजे घंटा. शास्त्रज्ञांनी त्याला 'शॉर्टिया गॅलॅसिफोलिया' असे लांबलचक नाव दिले आहे. आपण त्याला नुसते शॉर्टिया म्हणू.

शॉर्टियाचे रोप अगदी ठेंगणे असते. पाने जमिनीलगत पसरतात. फुलाचा देठ वर आला तरी तो तुमच्या वितीपेक्षा उंच होत नाही. पाने गोलसर, जाड आणि तेल लावल्यासारखी चकचकीत असतात. त्यांच्या कडांना बारीक दाते असतात. मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत एकेका लालसर देठावर एकच फूल येते. ते पांढरे असते. कधी त्यात गुलाबी छटा दिसते. त्याला पाच पाकळ्या असतात आणि त्यांच्या कडा कात्रीने कातरल्यासारख्या दिसतात. फूल थोडे खाली झुकलेले असते, म्हणून ते लहानशा घंटेसारखे वाटते.

शॉर्टिया सदाहरित आहे. सदाहरित म्हणजे वर्षभर पाने टिकवणारे. त्या प्रदेशात हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडते. मोठमोठ्या वृक्षांची पाने गळून जातात. मग या इवल्याशा रोपाची पाने का गळत नाहीत? त्याचे उत्तर उन्हात आहे. उन्हाळ्यात दाट जंगलाच्या तळाशी ऊन फारसे पोहोचत नाही. वृक्षांची पाने गळली की जमिनीवर प्रकाश येतो. ज्या रोपाची पाने तेव्हा शाबूत असतात, त्याला थंडीतल्या उबदार दिवसांतही थोडे अन्न तयार करता येते. मार्चमध्ये वृक्षांना नवी पालवी फुटण्याआधी ते आपले फूल उमलवून मोकळे होते. उघड्यावर असलेली शॉर्टियाची पाने हिवाळ्यात तांबूस होतात, पण रोपावरच राहतात. 'पाने' ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे ती उपयोगी पडणार आहे.

आता त्याचे घर पाहू. या डोंगरांची दक्षिणेकडची बाजू भिंतीसारखी एकदम उतरते. समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे या भिंतीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि पाऊस पाडतात. आपल्या सह्याद्रीवर पाऊस पडतो तो याच कारणाने. त्या दऱ्यांच्या वरच्या भागात वर्षाला सुमारे २,००० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे साधारण मुंबईइतका. फरक एवढाच, की मुंबईचा पाऊस चार महिन्यांत कोसळून जातो आणि तेथला वर्षभर थोडा थोडा पडत राहतो. त्यामुळे दऱ्यांतील माती कधी पुरती सुकत नाही. खडकांवर शेवाळ असते, ओढे बारमाही वाहतात.

अशा ओढ्यांच्या उतरत्या काठांवर शॉर्टियाची वस्ती असते. वर उंच वृक्षांची सावली असते. मधल्या थरात ऱ्होडोडेंड्रॉनची दाट झुडपे असतात. हिमालयात ज्याला बुरांश म्हणतात, त्याच्याच जातकुळीची ही झुडपे. त्यांच्या खाली कुजलेल्या पालापाचोळ्याची काळी, मऊ आणि आम्लधर्मी माती असते. या मातीतून शॉर्टियाचे आडवे खोड पसरत जाते आणि त्यातून नवी नवी रोपे उगवतात. एकदा जागा मानवली की ओढ्याचा सगळा काठ त्याच्या पानांनी झाकून जातो. एका ठिकाणी शेकडो रोपे, आणि शेजारच्या दरीत एकही नाही, असे तेथे सर्रास दिसते.

असे का होते? खोडाने पसरणारे रोप आपल्या जागेभोवतीच वाढते. दूर जायचे तर बियांच्या मदतीने जावे लागते. शॉर्टियाचे बी मात्र फार बारीक असते. ते आईपासून फार लांब पडत नाही, आणि सुकले की लवकर मरते. त्याला रुजायला ओलसर, उघडी माती किंवा शेवाळ लागते. जंगलात अशी उघडी जागा कोठून मिळणार? जमिनीवर तर पाचोळ्याचा जाड थर असतो. कोवळा अंकुर त्याखाली गुदमरतो. ओढ्याच्या काठावर मात्र पाणी अधूनमधून पाचोळा वाहून नेते, थोडी माती ढासळते आणि नव्या बीला जागा होते. म्हणजे या रोपाला सावली हवी, ओल हवी, आम्लधर्मी माती हवी आणि काठ थोडा थोडा ढासळवणारा वाहता ओढाही हवा. इतक्या अटी पाळणारी जागा डोंगरात फार थोडी असते. मला तर हे रोप एखाद्या हट्टी पाहुण्यासारखे वाटते. दुसरे अंथरूण दिले तर त्याला झोपच येत नाही!

आता त्याच्या शोधाची गोष्ट ऐका.

१७८५ मध्ये फ्रान्सच्या राजाने आंद्रे मिशो नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला अमेरिकेत पाठवले. फ्रान्समध्ये लावता येतील अशी उपयोगी झाडे शोधून आणणे हे त्यांचे काम होते. मिशो घोड्यावरून आणि पायी रानोमाळ हिंडले. १७८७ आणि १७८८ या वर्षी ते कीओवी नदीच्या उगमाकडील डोंगरात गेले. तो मुलूख चेरोकी लोकांचा होता. वाटा त्यांनाच माहीत होत्या, म्हणून मिशो स्थानिक वाटाड्यांना बरोबर घेत. या भटकंतीत त्यांनी एक लहानसे रोप उपटले, कागदात दाबून वाळवले आणि इतर शेकडो नमुन्यांबरोबर फ्रान्सला नेले. त्या रोपावर फूल नव्हते. पाने होती आणि एक सुकलेले फळ होते. चिठ्ठीवर ठिकाण लिहिले होते, 'कॅरोलायनाचे उंच डोंगर'. बस, एवढेच. १८०२ मध्ये मिशो मादागास्कर बेटावर मरण पावले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, पण त्यात या रोपाचे नाव नव्हते.

१८३९ मध्ये एसा ग्रे नावाचा एक तरुण अमेरिकन शास्त्रज्ञ पॅरिसला गेला. पुढे हेच ग्रे हार्वर्ड विद्यापीठाचे नामवंत प्राध्यापक झाले. पॅरिसच्या संग्रहात मिशो यांचे वाळवलेले नमुने पाहता पाहता त्यांच्या हाती ते बेनाव रोप आले. अशी वनस्पती त्यांनी कधी पाहिली नव्हती. ही नवीच जात आहे, असे त्यांच्या ध्यानात आले. १८४२ मध्ये त्यांनी तिला नाव दिले. केंटकी राज्यात चार्ल्स विल्किन्स शॉर्ट नावाचे एक डॉक्टर होते. त्यांना वनस्पतींचा छंद होता आणि आपल्याजवळचे नमुने ते इतरांना उदार हाताने वाटत. त्यांच्या नावावरून 'शॉर्टिया' हे नाव आले. गंमत अशी, की डॉक्टर शॉर्ट १८६३ मध्ये वारले आणि त्यांनी आपल्या नावाचे हे फूल कधी पाहिलेच नाही. नावाचा दुसरा भाग 'गॅलॅसिफोलिया' याचा अर्थ 'गॅलॅक्ससारखी पाने असलेले'. गॅलॅक्स ही त्याच डोंगरातील दुसरी सदाहरित वनस्पती. तिचीही पाने गोल आणि चकचकीत असतात, आणि ती तेथे विपुल असते. फूल नसताना घाईत पाहणारा माणूस शॉर्टियाला गॅलॅक्स समजून पुढे निघून जातो.

ग्रे यांनी स्वतः शोध सुरू केला. १८४१ मध्ये ते कॅरोलायनाच्या डोंगरात गेले. १८४३ मध्ये पुन्हा गेले. शॉर्टिया मिळाले नाही. इतरांनीही शोधले, पण हाती काही आले नाही. चूक कोठे झाली होती? चिठ्ठीवर 'उंच डोंगर' असे लिहिले होते. म्हणून शोधणारे उंच शिखरांकडे जात. त्या भागातील मोठी शिखरे १,८०० मीटरपेक्षा उंच आहेत. शॉर्टिया मात्र शिखरांवर नव्हतेच. ते खाली, पायथ्याकडच्या ओल्या दऱ्यांत आणि ओढ्यांच्या काठी होते. दुसरी अडचण ऋतूची होती. डोंगरातला प्रवास सोपा व्हावा म्हणून लोक उन्हाळ्यात जात, आणि शॉर्टियाची फुले तर एप्रिलमध्येच संपलेली असत. चुकीच्या जागी आणि चुकीच्या वेळी शोधले, तर समोरची वस्तूसुद्धा सापडत नाही, मग हे तर वीतभर रोप!

दरम्यान ग्रे यांना शॉर्टियाचा एक नातेवाईक भेटला, आणि तोही कोठला, तर जपानचा! जपानच्या जंगलातील एका लहान सदाहरित रोपाचे शॉर्टियाशी फार साम्य होते. पुढे ते शॉर्टियाच्याच गणात गेले. मध्ये एवढा मोठा महासागर असताना एकाच घराण्यातील रोपे पृथ्वीच्या दोन टोकांना कशी? आणि अशी जोडी एकच नव्हती. पूर्व आशिया आणि पूर्व अमेरिका यांच्या जंगलांत अशा कितीतरी जोड्या ग्रे यांना दिसल्या. १८५९ मध्ये त्यांनी यावर आपले मत मांडले. फार पूर्वी उत्तरेकडचे हवामान उबदार होते आणि ही जंगले दोन्ही खंडांवर सलग पसरलेली होती. पुढे थंडी वाढत गेली, बर्फ पसरले आणि वनस्पती दक्षिणेकडे सरकत गेल्या. मधला दुवा नाहीसा झाला. दोन्ही बाजूंना, जेथे ओल आणि सावली टिकली, तेथे काही जाती उरल्या. म्हणजे कॅरोलायनाच्या दऱ्या हे शॉर्टियाचे नुसते घर नव्हते, तर जुन्या काळातला आसरा होता. पण तो आसरा नेमका कोठे आहे, हे अजून कळायचे होते.

ते कळले एका सतरा वर्षांच्या मुलामुळे. त्याचे नाव जॉर्ज हायम्स. त्याचे वडील औषधी मुळ्या आणि पाने यांच्या व्यापारात काम करीत, त्यामुळे रानातली रोपे पाहण्याची मुलाला सवय होती. १८७७ च्या मे महिन्यात नॉर्थ कॅरोलायनातील मॅरियन गावाजवळ, कटॉबा नदीच्या काठी, त्याला एक अनोळखी रोप दिसले. ते त्याने घरी आणले. वडिलांनाही ते ओळखता आले नाही. बरेच महिने ते तसेच पडून होते. मग वडिलांनी ते ऱ्होड आयलंडमधील काँग्डन नावाच्या वनस्पतींच्या जाणकाराकडे पाठवले. हे शॉर्टिया तर नव्हे, अशी शंका त्यांना आली आणि त्यांनी ग्रे यांना पत्र लिहिले. १८७८ मध्ये नमुना ग्रे यांच्या टेबलावर आला. या वेळी त्यावर फूलही होते.

ग्रे तेव्हा ६७ वर्षांचे होते. पॅरिसमध्ये ते पान पाहिले तेव्हा ते तिशीच्या आत होते. त्याच वर्षी फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने त्यांची निवड केली होती. हा फार मोठा मान होता; पण त्या मानापेक्षाही या लहानशा रोपाने आपल्याला अधिक समाधान दिले, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. पुढच्या वर्षी, १८७९ मध्ये, ते पत्नीला आणि काही मित्रांना घेऊन थेट मॅरियनला गेले. हायम्स पितापुत्रांनी दाखवलेली जागा लहानशीच होती. आजूबाजूला त्यांनी खूप शोधले, पण दुसरी वस्ती मिळाली नाही.

तरीही एक कोडे उरलेच. मिशो मॅरियनला नव्हे, तर तेथून शंभराहून अधिक किलोमीटर दूर, कीओवीच्या उगमाकडे फिरले होते. मग त्यांचे शॉर्टिया कोठे गेले? १८८६ च्या शरद ऋतूत चार्ल्स सार्जंट नावाचे वृक्षतज्ज्ञ मिशो यांच्या जुन्या मार्गाने निघाले. ते खरे तर एका चाफ्याच्या जातीच्या, म्हणजे मॅग्नोलियाच्या, शोधात होते. कीओवीच्या उगमाजवळ त्यांना एक चकचकीत पान मिळाले. फुले नव्हती, फळे नव्हती. रोप सदाहरित होते म्हणूनच त्या ऋतूत पान होते. आणि ते पान शॉर्टियाचे निघाले! मिशो यांच्या काळानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी पत्ता पुरा झाला. ही बातमी ग्रे यांना मिळाली, पण तेथे जाणे त्यांना जमले नाही. १८८८ च्या जानेवारीत ते वारले. रानात उमललेले शॉर्टिया त्यांनी कधी पाहिले नाही. त्यानंतर इतरांनी वसंतात जाऊन पाहिले, तेव्हा कीओवीच्या दऱ्यांत शॉर्टियाचे मोजता येणार नाहीत इतके ताटवे फुललेले होते. मॅरियनजवळची रोपे थोडी वेगळी आहेत, त्यांच्या फुलातील एक भाग आखूड असतो. म्हणून काही शास्त्रज्ञ आता त्यांना स्वतंत्र जात मानतात.

गोष्ट येथे संपली असती तर बरे झाले असते.

विसाव्या शतकात या प्रदेशात वीज हवी होती. उतरत्या डोंगरांच्या आणि बारमाही नद्यांच्या मुलखात धरण बांधून वीज निर्माण करणे सोयीचे होते. वीज कंपनीने तेथे जोकासी नावाचे धरण बांधले. ते सुमारे ११७ मीटर उंच आहे. १९७३ च्या सुमारास त्यामागे सुमारे ३,००० हेक्टरांचे तळे भरले. ज्या ओल्या दऱ्या आणि ओढ्यांचे काठ शॉर्टियाला हवे होते, नेमके तेच पाण्याखाली गेले. रानातील निम्म्याहून अधिक शॉर्टिया तेव्हा नष्ट झाले, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

पाणी चढण्यापूर्वी काही लोकांनी धावपळ करून रोपे खणून काढली आणि बागांत नेऊन लावली. ती मेहनत वाया गेली नाही. चांगली सावली आणि आम्लधर्मी माती दिली तर शॉर्टिया बागेत जगते, फुलतेही. पण तेथे पाचोळा माळी बाजूला करतो, पाणी नळाचे असते. ओढा नसतो, ढासळणारा काठ नसतो. धरणाची वीज मात्र हजारो घरांत पोहोचली, हेही खरे आहे. तेव्हा त्या खोऱ्यात उभे राहून निर्णय घ्यायचा असता तर आपण काय केले असते? वर्गात यावर जरूर बोला. मला स्वतःला एक गोष्ट खटकते. मिशो यांचे रोप पुन्हा शोधायला शंभर वर्षे लागली, आणि ते कोणत्या काठांवर आहे हे कळलेले असतानाही ते काठ पाण्याखाली गेले.

उरलेल्या दऱ्यांकडे नंतर अधिक लक्ष दिले गेले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तळ्याभोवतीचे बरेचसे जंगल साउथ कॅरोलायना राज्याने संरक्षणासाठी घेतले, आणि १९९९ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या बाजूला एक राखीव उद्यान झाले. तळ्याच्या काठी 'डेव्हिल्स फोर्क' नावाचे दुसरे उद्यान आहे. त्यात ओढ्याच्या कडेने जाणारी एक पायवाट आहे आणि तिला शॉर्टियाचेच नाव दिले आहे. मार्च महिन्यात तेथे माणसांची वर्दळ असते. वाकून, कधी गुडघे टेकून लोक फुले पाहतात, कारण उभ्याने ती नीट दिसत नाहीत. रोपाला हात लावायचा नाही, पायवाट सोडायची नाही, असा तेथला नियम आहे. एका पावलाने ढिली माती घसरते आणि तिच्याबरोबर कोवळी रोपेही जातात.

त्याच तळ्याच्या दुसऱ्या टोकाला दोन नद्या येऊन मिळतात. पूर्वी त्यांच्या संगमापासून कीओवी नदी सुरू होत असे. मिशो ज्या उगमाकडे गेले होते आणि सार्जंट यांना ते पान जेथे मिळाले होते, तो हा परिसर. आता तो संगम तळ्याच्या तळाशी आहे, आणि नकाशात त्या जागी फक्त निळा रंग दिसतो.